तीस किलोमीटरला तीनशे मीटर कमी

मंदार परतूरकर घाबरट होता. आता घाबरट म्हणजे पालीला नि झुरळाला नव्हे. पाल त्यानं एकदा केरसुणीनं बाहेर काढलेली आहे, आणि त्याची बायको मनस्विनी त्याला साक्षी आहे. तो घाबरायचा सरकारला. स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सहावी ते आठवीला भूगोल शिकवणारा, म्हणजे बारीकसं का होईना सरकारच. पण चौकात हवालदार दिसला की हेल्मेट, लायसन, सगळे कागद जागेवर असूनही हा गाडी हळू करायचा, ओशाळं हसायचा, आणि हवालदाराच्या मनात नसलेला संशय स्वतःच नेऊन त्याच्या मनात ठेवायचा.

अशा माणसाला रविवारी सकाळी, तोंडात पोह्यांचा घास असताना, मुख्याध्यापक सर्जेरावांचा फोन आला.

"परतूरकर सर, बसलात का? बसा आधी. तुमच्या अंतराची चौकशी लागलीय."

"कशाची?"

"अंतराची हो. तुमच्या अन् मॅडमच्या. कुणीतरी वर अर्ज दिलाय. नाव नाही, नुसतं 'एक हितचिंतक'. म्हणतो, तीस भरतच नव्हतं. तुम्ही घाबरू नका. अशा प्रकरणात एकदोघं निलंबित झालेत, पण तुम्ही अजिबात घाबरू नका."

'घाबरू नका' हे दोनदा कानावर पडलं आणि मंदारचा घास आत जाईना की बाहेर येईना.

आता ही अंतराची भानगड काय, ते सांगतो. नवरा-बायको दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक असले आणि त्यांच्या शाळांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असलं, तर बदलीत त्यांना जवळ आणतात. एकोणतीस किलोमीटरवरचं जोडपं सुखातच असणार असं धरून चालायचं. दुःख तीसच्या पुढं सुरू होतं. मनस्विनीची शाळा वाळूजच्या बाजूला, शिरसवाडीला. मंदारची होती खुलताबादच्या पलीकडं, पिंपळदऱ्याला. वर्षानुवर्षं दोघं सकाळी पुंडलिकनगरातल्या एकाच दारातून निघायचे आणि दोन गाड्यांवर दोन दिशांना जायचे. संध्याकाळी परतायचे ते इतके आंबून, की 'कुकर लावला का' आणि 'दूध आलं का' याच्यापलीकडं संसारात बोलणं म्हणून व्हायचं नाही. मग मंदारनं स्वतः मोजून अंतर भरलं, तीस पूर्णांक चार, आणि त्याची बदली मनस्विनीच्या शेजारच्या गावात झाली.

तेव्हापासून दोघं एका मोटारसायकलवर. मनस्विनी मागं बसून वाळूज येईपर्यंत त्याच्या कानात बोलत राहायची. शाळेतल्या बाया, केंद्रप्रमुखांचं खोकणं, खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं भांडण, सगळं आवाजासकट. आपल्या बायकोला नकला येतात, आणि फार झकास येतात, हे मंदारला लग्नाच्या नवव्या वर्षी गोलवाडी फाट्याजवळ कळलं. हसण्याच्या नादात त्या दिवशी गाडी खड्ड्यात गेली, रिम वाकली, तरी तो दिवसभर खुशीत होता.

हे सगळं आता जाणार होतं. आधी निलंबन, मग चौकशी, मग फेरनेमणूक. ती कुठं? तर पार कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी.

"पण आपण खोटं कुठं भरलंय?" मंदार छाती काढून म्हणाला. छाती फार नव्हती, पण जेवढी होती तेवढी काढली. "मी स्वतः मोजलं. नव्या गाडीवर, मीटर शून्यावर आणून मोजलं."

"हो ना," मनस्विनी पोह्यांवर खोबरं घालत म्हणाली. "आपण गाडी मारुतीला दाखवायला नेली, त्याच दिवशी."

मंदारच्या हातातला चमचा ताटलीत पडला.

परतूरकरांच्या घरात नवी गाडी आणली की ती आधी मारुतीला दाखवायची रीत. सायकलही दाखवलेली आहे, शिलाई मशीनही दाखवलेलं आहे. त्या दिवशी मंदारनं एका फेरीत दोन्ही कामं उरकली होती. शिरसवाडीच्या शाळेपाशी मीटर शून्य केला, वाटेत टेकडीच्या मारुतीला गाडी नेली, हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, नारळ फोडला, आणि तसंच पुढं पिंपळदऱ्याच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन आकडा टिपला. मारुती वाटेवरच आहे असं घरात सगळे म्हणतात. पण तो वाटेवर नाही. रस्त्यापासून आत साडेतीनशे मीटर आहे. जाऊन येऊन सातशे. तीस पूर्णांक चार, वजा मारुती, उरले एकोणतीस पूर्णांक सात.

"अगं, मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मला काय माहीत अंतरात देव धरत नाहीत म्हणून? भूगोल तुमचा."

त्या दिवसापासून मंदारची झोप उडाली. डोळे मिटले की पेपरातली बातमी दिसायची. 'भूगोलाच्या शिक्षकाने पृथ्वी ताणली.' खाली त्याचा फोटो, आणि तोही आधार कार्डावरचा. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं? सासरे तर आधीच म्हणत होते, की मुलगा चांगला आहे, पण अंगात धमक नाही. आता ते म्हणतील, धमक नव्हती तेच बरं होतं.

त्यानं फोनवरचा नकाशा उघडला. फोननं तीन रस्ते दाखवले. एक चौतीसचा, तो बघून मंदारला फोनची पापी घ्यावीशी वाटली. पण त्याच्यावर बारीक अक्षरात 'लांबचा' असं होतं. जवळचा एकोणतीस पूर्णांक सात. आणि पक्ष्यासारखं सरळ गेलं तर बावीस. बावीसचा आकडा बघितल्यावर त्यानं फोन उताणा होता तो पालथा ठेवला, जणू कुणी खिडकीतून बघत होतं.

मग त्याला आशेचा एक किरण दिसला. पृथ्वी गोल आहे! सपाट धरून मोजलं तर कमी भरणार, गोलाईवरून मोजलं तर जास्त. हे आपण मुलांना दरवर्षी शिकवतो, आणि वेळ आली तेव्हा आपल्यालाच सुचलं नाही! अक्षांश काढले, रेखांश काढले, त्रिज्या आठवली, कागदावर कागद खराब केले. मनस्विनी दोनदा जेवायला हाक मारून गेली. शेवटी तो घामाघूम होऊन स्वयंपाकघरात आला.

"गोलाईमुळं वाढतंय," तो म्हणाला.

"किती?"

"पावणेतीन सेंटिमीटर."

मनस्विनीनं त्याला वरण वाढलं आणि वर थोडं तूप जास्त घातलं. दुसरं ती तरी काय करणार?

गोष्ट घरातच राहिली असती तर बरं होतं. पण पुंडलिकनगरात एका घरात फोडणी जळली तर चार घरांत खिडक्या उघडतात. शेजारचे व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात त्यांची सगळी नोकरी टपाल आवक-जावकमध्ये गेली, पण निवृत्त झाल्यापासून त्यांनी कालवे मोजायला सुरुवात केली होती. म्हणजे बोलण्यात.

"परतूरकर, तुम्ही कधी कालवा मोजलाय?"

"नाही."

"मग बोलू नका. फोन रस्त्याच्या मधोमध मोजतो. माणूस मधोमध चालतो का? मधोमध चालला तर मरेल. माणूस कडेनं चालतो. ते हिंगणवाडीजवळ बघा, नुसती वळणंच वळणं. प्रत्येक वळण बाहेरच्या कडेनं मोजायचं. बाहेरची कड लांब पडते. तीनशे मीटर काय, हां हां म्हणता निघतील!"

"अहो, पण पुढचं वळण उलट्या बाजूचं आलं, की हीच कड आतली होणार नाही का?" आतून भानुमतीबाई, म्हणजे व्यंकटरावांच्या मंडळी, म्हणाल्या.

"मग रस्ता ओलांडायचा," व्यंकटराव म्हणाले. "तू भाजी बघ."

कंत्राटं घेणाऱ्या एका ओळखीच्या गुत्तेदाराकडून त्यांनी रस्ते मोजायचं चाक आणलं. लांब दांडा, खाली चाक, ढकललं की टिकटिक वाजतं. मंदारला हे सगळं बेकायदेशीर वाटत होतं. पण नाही म्हणायलाही धाडस लागतं, आणि ते त्याच्याजवळ असतं तर ही कथाच झाली नसती.

हिंगणवाडीच्या वळणांवर दोघं कामाला लागले. पुढं व्यंकटराव चाक घेऊन, मागं मंदार कागद-पेन घेऊन. वळण आलं की बाहेरची कड, पुढचं वळण आलं की रस्ता ओलांडून पुन्हा बाहेरची कड. उसाचे ट्रॅक्टर भोंगे वाजवत होते, ड्रायव्हर काय काय बोलत होते ते इथं लिहीत नाही. तेवढ्यात बांधावरून एक माणूस उतरला. बद्रीनाथ त्याचं नाव, तिथलाच शेतकरी.

"काय मोजायलेत सायेब?"

आता इथं 'मास्तरच्या बायकोचं अंतर' असं सांगितलं असतं तर तो हसून गेला असता. पण व्यंकटरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब म्हणालं होतं.

"सरकारी काम आहे. मधे येऊ नका."

"चौपदरी व्हायलाय का?"

"सांगता येत नाही," व्यंकटराव म्हणाले. झालं! सरकारी माणूस 'सांगता येत नाही' म्हणाला की आपल्याकडं माणसाला सगळं सांगितल्यासारखं होतं. बद्रीनाथ पळतच गावाकडं गेला.

दोघं वळणं मोजून परत फिरले, तेव्हा रस्त्याची कळा बदललेली होती. जिथं जाताना नुसती ढेकळं होती तिथं आंब्याची बाग उभी राहत होती. माणसं खड्डे घेत होती, बाया रोपं लावत होत्या, चौघं मिळून पत्र्याचं एक शेड उचलून रस्त्याच्या कडेला आणत होते. एकानं अजून पाणीसुद्धा न पडलेल्या रोपाला हात लावून सांगितलं, "ही बाग जुनी हाय, सायेब. मोबदल्याच्या कागदात तसंच लिवून घ्या."

मग दोन तट पडले. निम्म्यांना रस्ता शेतातून हवा होता, निम्म्यांना अजिबात नको होता, आणि दोन्ही तटांनी मंदारलाच धरलं. एक म्हणे घ्या, दुसरा म्हणे घेऊन तर दाखवा. मंदार मदतीसाठी वळून बघायला लागला. व्यंकटराव कुठं? ते मोटारसायकलच्या आडोशाला उभं राहून आभाळाकडं बघत होते. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी गर्दीतून आत आली.

"सरका, गोजरबाईला येऊ द्या," कुणीतरी म्हणालं.

तिनं मंदारची बाही घट्ट धरली. "बाबा, माज्या दारावरून जाऊ दे रस्ता. मला पैसे नगं, काय नगं. माजा भाचा लई मोठा सायेब हाय. त्याची जीप त्या फाट्यावरून जाती, मी वट्ट्यावरून बघते. आत यीत नाय. फोनवर म्हन्तो, आत्या, तुजं घर लई आडबाजूला हाय, टाइम नसतो. मंग रस्ताच दारावरून गेला तर त्यो कुठून जाईल?"

"लावतो आजी," मंदार म्हणाला. घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो. "तुमच्या दारावरूनच लावतो."

"बोललास बरं का. मी वाट बघंन."

तिनं बाही सोडली आणि मंदारनं गाडीला किक मारली. मागं व्यंकटराव, त्यांच्या खांद्यावर चाक. ते वाऱ्यानं फिरत होतं आणि खुलताबाद येईपर्यंत मंदारच्या कानाशी टिकटिकत होतं. एवढं करून बाहेरच्या कडांनी वाढवलं किती, तर अठरा मीटर.

दोन दिवसांनी सर्जेरावांचा पुन्हा फोन. "सर, गुरुवारी मोजणी. विस्तार अधिकारी हिवराळे साहेब स्वतः जीप घेऊन येणारेत. शिरसवाडी ते पिंपळदरा. लई कडक माणूस. आणि ऐकलंत का? हिंगणवाडीकडं दोन तोतये मोजणीवाले फिरत होते म्हणे. तहसीलला तक्रार गेलीय. एक म्हातारा अन् एक घामट."

मंदारनं कपाळाचा घाम पुसला आणि 'हो का' एवढंच म्हणाला.

गुरुवारी शिरसवाडीच्या शाळेसमोर जीप उभी राहिली. राजकुमार हिवराळे साहेब उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजून. त्यांनी ड्रायव्हर कडुबाला मीटरचा आकडा मोठ्यानं वाचायला लावला, लिहून घेतला, मनस्विनीची सही घेतली. मंदार जीपमध्ये चढताना ती जवळ आली. तिचाही चेहरा उतरलेला होता, पण ती हळूच म्हणाली, "होऊन होऊन काय होईल? घाटापर्यंत बदली. मी रोज निम्म्या वाटेपर्यंत सोडायला येईन." मंदारला एकदम भरून आलं. निम्म्या वाटेवरून ती परत आपल्या शाळेत कशी पोचणार, याचा हिशोबसुद्धा त्यानं केला नाही.

जीप निघाली. मंदारची सगळी भिस्त आता मारुतीवर होती. टेकडी जवळ आली तशी त्यानं सहज बोलल्यासारखं केलं, "साहेब, इथला मारुती फार जागृत आहे. वाटेवरच आहे. येणारजाणारे सगळेच थांबतात."

"थांबत असतील," साहेब म्हणाले. "आम्ही विहारात जाणारी माणसं, मास्तर. तुम्हाला जायचं असलं तर येताना जा. आत्ता मीटर चालू आहे."

टेकडीची कमान आली आणि गेली. मंदारनं मान वळवून शेंदरी झेंड्याकडं पाहिलं. आपण संपलो, असं त्याला स्वच्छ कळलं. मीटरचे आकडे फिरत होते. आणि बिचारे फिरणार तरी किती?

हिंगणवाडीची वळणं आली. कडेला आंब्याची रोपं ओळीनं उभी होती. साहेबांनी चष्मा पुसला. "कडुबा, इथं फाट्याला आत घे. आत्याचे तीन फोन आलेत. कुणीतरी मोजणीवाले येऊन गेले म्हणे. बघून घेऊ ते भामटे कोण होते."

"मीटर बंद करू का, सायेब?"

"जीपचा मीटर बंद होतो का रे?"

मंदारच्या आयुष्यात आनंद आणि भीती एकदम कधी आले नव्हते. जीप आत वळली होती, म्हणजे मीटर पळत होता! आणि जीप हिंगणवाडीत चालली होती, म्हणजे धडगत नव्हती! त्यानं खिशातला रुमाल काढून नाकातोंडाला बांधला.

"काय झालं?"

"धूळ," मंदार रुमालातून म्हणाला. "सोसत नाही."

घराच्या ओट्यावर म्हातारी बसलेलीच होती. जीप बघून ती काठी न घेताच उठली. "आला! राज्या आला गं बाई!" तिनं भाच्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कडक साहेब एकदम लहान झाले, खाली वाकले, चप्पल काढून ओट्यावर बसले. मग तिची नजर जीपमागं दडलेल्या मंदारवर गेली. ती जवळ आली आणि तिनं दोन बोटांनी रुमाल खाली ओढला.

"आगं बया! ह्योच तो! ह्योच मोजणीसायेब!"

"कोण?" हिवराळे साहेब उठून उभे राहिले.

मंदार ओट्याच्या पायरीवर मटकन बसला आणि बोलायला लागला. थांबेचना. मारुती, लिंबू, नारळ, सातशे मीटर, पावणेतीन सेंटिमीटर, व्यंकटराव, चाक, बाहेरच्या कडा, सगळं. न विचारलेलंही सांगितलं. सहावीत असताना एकदा विनातिकीट एसटीत बसलो होतो तेही. "साहेब, मी लबाड नाही," तो शेवटी म्हणाला. "भित्रा आहे. मला फक्त बायकोबरोबर एका गाडीवर शाळेत जायचं होतं हो."

कडुबानं तोंड फिरवून घेतलं. गोजरबाईला निम्मं कळलं, निम्मं नाही.

"म्हंजी ह्याच्या बायकूचं अंतर मोजायला तू आलास व्हय रे राज्या?"

"हो आत्या."

"अन् त्यातलं तीनशे कमी पडायलं?"

"हो."

"मंग माजं घे की! फाट्यापून हितं अन् हितून फाट्यापोतूर. तसं बी पडूनच हाय ते. कुनी चालत नाय त्याच्यावर."

तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, मंदारलाही वाढला. मंदारला एक घास उतरत नव्हता. पण म्हातारी समोर बसून बघत होती, आणि तिलाही तो घाबरतच होता. निघताना ती जीपला धरून म्हणाली, "ह्यानं मला रस्त्याचा शब्द दिला व्हता. रस्ता नाय आला, पन तू आलास. ह्याच्यावर रागावू नगंस. आंब्याला पानी घालीत जाते, सात रोपं जगलीत."

जीप पुन्हा फाट्यावर आली. साहेब बाहेर बघत होते. ते थेट पिंपळदऱ्यापर्यंत. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली.

"कडुबा, काय भरलं?"

"तीस पूर्णांक तीन, सायेब."

गप्प बसावं, असं मंदारचं एक मन म्हणत होतं. पण खोट्या आकड्याची भीती त्याला खऱ्या आकड्यापेक्षा जास्त होती. "साहेब," तो म्हणाला, "त्यातून आत्याबाईंच्या घराचे सहाशे मीटर वजा करायला पाहिजेत."

हिवराळे साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. "दोन वर्षं झाली, मास्तर. या रस्त्यानं सारखा जातो. दर वेळी हे सहाशे मीटर मी वजाच करत आलो. म्हातारी ओट्यावर बसलेली दिसायची मला. जीपमधून दिसते ती." त्यांनी मोजणीचा कागद पुढं ओढला. "नियमात 'नेहमीच्या वापरातला रस्ता' असं लिहिलंय. आजपासून माझ्या नेहमीच्या वापरातला रस्ता हा. लिहितो, तीस पूर्णांक तीन."

"म्हंजी आता दर बारीला आत घ्यायची गाडी?" कडुबानं विचारलं.

"दर बारीला. नाहीतर मास्तरांचं अंतर खोटं पडेल."

मंदार मोठ्यानं रडला. फाटकाशी जुने विद्यार्थी जमले होते, त्यांच्यादेखत रडला. साहेबांनी त्याला आपलं पाणी दिलं आणि मग पूर्वीच्याच कडक आवाजात म्हणाले, "आणि ते चाक पुन्हा कुणाच्या गावात दिसलं, तर बघा."

आता इथं गोष्ट संपली असती तर मंदार सुखानं राहिला असता. पण सरकार असं कुणाला सुखानं सोडत नाही. पंधरवड्यानं आदेश आला. जिल्ह्यातल्या सगळ्याच पती-पत्नी अंतरांची फेरमोजणी ठरली होती, आणि भूगोलाचा अनुभव आणि विषयाची विशेष आवड लक्षात घेऊन मोजणी समितीवर हिवराळे साहेबांच्या शिफारशीनं श्री. मंदार परतूरकर यांना नेमलं होतं. मनस्विनी आदेश वाचून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं मोजणीसायेबांची नक्कल करून दाखवली, रुमालासकट.

पहिलीच मोजणी कन्नडकडची निघाली. जीपवर कडुबाच होता. घाटाखालच्या शाळेशी एक तरुण शिक्षिका उभी होती, रत्नमाला नावाची. ओढणीचं टोक हातात पिळलेलं, ओठ पांढरे, आणि जीपमधून उतरणाऱ्या मंदारकडं ती अशी बघत होती, की मंदारनं मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कुणी मोठा साहेब उतरतोय की काय म्हणून. कुणीच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला घाबरलं होतं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

जीप निघाली. नवऱ्याची शाळा चारपाच किलोमीटरवर राहिली तेव्हा मंदारनं मीटर पाहिला, मनातल्या मनात बेरीज केली. तीस भरत नव्हतं. मागच्या सीटवर रत्नमालानं डोळे मिटून घेतले होते. तिनंही बेरीज केली होती.

मंदार घसा खाकरून मागं वळला. "मॅडम, या रस्त्याला आत कुठं तुमचं कुणी राहतं का हो? आत्या, मावशी, कुणीही? बरेच दिवसांत जाणं झालं नाही, असं?"

रत्नमालानं डोळे उघडले. "आहे की सर. पुढच्या फाट्याला आत." ती अडखळली. "पण सासू आहे."

मंदारनं कडुबाकडं बघितलं. कडुबानं आधीच इंडिकेटर दिला होता.

"चालेल," मंदार म्हणाला. "घे आत."